जंतूंचे नाते सांगणारी पेटी

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटावर रिकाम्या खोक्यांखाली दबलेली ती पिवळट प्लॅस्टिकची पेटी म्हणजे मी. कार्यशाळेतल्या मिस्त्रींनी जाड पारदर्शक तुकडे कापून, चिकटवून मला घडवले. माझ्या दोन्ही टोकांना त्यांनी प्लॅटिनमची केसासारखी बारीक तार ताणून बसवली.

जंतूंची नाती शोधणे हे माझे काम. सूक्ष्मदर्शकाखाली पुष्कळ जंतू एकसारखे दिसतात. कोण सख्खे आणि कोण लांबचे, हे रूपावरून कळत नाही. पण प्रत्येक जंतूच्या पोटात त्याची कामे उरकणारी विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. ती वारशाने मिळतात आणि पिढ्यान् पिढ्या फार सावकाश बदलतात. माझ्यात स्टार्चची घट्ट खळ ओतायची, तिच्या कडेला जंतूंचा अर्क ठेवायचा आणि वीज सोडायची. विकरे खळीतून सरकतात. मग रंग घातला, की ती जिथवर पोहोचली तिथे पट्टे उमटतात. जितक्या जास्त विकरांचे पट्टे एका रेषेत, तितके नाते जवळचे. पट्टे जुळत नसतील, तर समजावे की त्यांच्या वाटा फार पूर्वीच फुटल्या.

मला हाताळणाऱ्या संशोधिकेला सगळे ‘बाई’ म्हणत. त्यांची थोरली बहीण इस्पितळात नवजात बाळांच्या कक्षात परिचारिका होती. एकदा त्या कक्षातली बाळे एकामागून एक तापाने फणफणली. एक बाळ दगावले. सगळ्यांचे हात तपासले, तेव्हा बाळांच्या रक्तातल्या जंतूसारखा दिसणारा जंतू एकट्या थोरलीच्या हातावर सापडला. झाले! तिला घरी बसवले.

ती प्रयोगशाळेत आली, तेव्हा धुऊन धुऊन तिचे हात सोलवटले होते.

“हात धुतले होते गं मी,” ती बाईंना म्हणाली. “पण आता माझं मलाच खरं वाटेनासं झालंय. तुझी पेटी काय म्हणेल ते स्पष्ट सांग. मला सांभाळून घेऊ नकोस.”

विभागाचे प्रमुख असलेले सर म्हणाले, “बहिणीचं प्रकरण आहे, लोक बोलतील. नमुन्यांवर खुणा मी करतो. कोणता कुणाचा, ते तुला कळायला नको.”

बाळांचे, थोरलीच्या हातावरचे आणि कक्षातली नळ-भांडी तपासून मिळालेला तसाच दिसणारा एक, असे सगळे जंतू माझ्याकडे आले. पहिल्या विकराचे पट्टे उमटले, ते सगळे एका रेषेत! म्हणजे थोरलीचा जंतूही त्यांतच आला.

इस्पितळातून फोन आला, “जुळलं ना? मग तसं लिहून द्या.”

“एका विकरावरून नातं ठरत नाही,” बाई सरांना म्हणाल्या. “लांबच्या नात्यातही एखादी गोष्ट सारखी निघते.”

“हे संशोधक म्हणून बोलतेस की बहीण म्हणून?”

“मलाही कळत नाहीये सर. म्हणून तर पुढची विकरं बघू या.”

दुसरेही जुळले. बाईंनी पुन्हा वीज सोडली. तिसऱ्याला मात्र एक पट्टा मागे राहिला. पुढच्या बहुतेक विकरांतही तोच नमुना वेगळा पडत गेला. सरांनी खुणा उलगडल्या. वेगळा पडलेला जंतू थोरलीच्या हातावरचा होता. बाळांच्या जंतूंचे सख्खे भावंड निघाले, ते दुधाच्या बाटल्या कोमट करायच्या भांड्यातल्या पाण्यात.

भांडे काढून टाकले, ताप थांबला. इस्पितळाने थोरलीची माफी मागितली.

“म्हणजे माझ्यामुळे नाही?” तिने विचारले.

“नाही गं ताई.”

थोरलीने आपल्या सोलवटलेल्या हातांकडे पाहिले. मग म्हणाली, “पण त्या भांड्यात बाटल्या मीच ठेवत होते ना गं?”

असल्या प्रश्नाचे पट्टे माझ्यात उमटत नाहीत. थोरली पुन्हा त्या कक्षात गेली नाही.

पुढे जंतूंची जनुकेच वाचणारी यंत्रे आली. माझी तार तुटली, ती कोणी जोडली नाही. मित्रांनो, त्याचे मला दुःख नाही. माझे मागणे वेगळेच आहे. कोणावर बोट रोखण्याआधी आणखी एक तपासणी होऊ द्या. आणि ती चालू असताना त्या माणसाला घरी एकटे सोडू नका. निकाल यायला वेळ लागतो. तोवर ते माणूस स्वतःलाच दोषी ठरवून बसते.