चार पिंजरे, अकरा वस्त्या

पिंजरे होते चार आणि मागणी होती अकरा वस्त्यांची. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या योगिनीला वनखात्याने बोलावून घेतलं ते त्यासाठीच. ऊसतोड सुरू झाली होती, फड मोकळे होत होते आणि उसात वाढलेले बिबटे घरांकडे सरकत होते. ज्याचा अर्ज आधी त्याला पिंजरा आधी, हे वनअधिकारी शरच्चंद्र पाठक यांना पटत नव्हतं. धोका जास्त तिथे पिंजरा आधी, असं त्यांचं म्हणणं. पण जास्त म्हणजे किती, हे कोण ठरवणार?

योगिनीचा अभ्यास फझी लॉजिकचा. लोक आकड्यांत बोलत नाहीत, हे त्या शास्त्राने मान्यच केलेलं असतं. कुणी म्हणतं बिबट्या जवळ होता, कुणी म्हणतं ऊस दाट आहे. अशा शब्दांना ते हो किंवा नाही अशी रेघ मारत नाही. पन्नास मीटरवर दिसला तर पूर्ण जवळ, तीनशेच्या पुढे मुळीच जवळ नाही, आणि मधल्या अंतरावर थोडाथोडा जवळ; त्या थोड्याला शून्य आणि एकच्या मधला आकडा. अंतर, दाट ऊस, घरातली लहान मुलं, मारलेली जनावरं आणि बिबट्या शेवटचा कधी दिसला, या पाच गोष्टींचे आकडे ज्याच्या त्याच्या महत्त्वाला दिलेल्या वजनाप्रमाणे एकत्र केले की वस्त्यांचा क्रम लागत होता. माहिती कार्यालयातल्या माणसांनी फोनवरून विचारून घेतली होती.

क्रम लागला आणि योगिनीने यादी वरून खाली वाचली. पाचव्या नंबरवर माळवस्ती होती. पिंपळगाव बसवंतच्या पुढे, हायवे सोडून चार किलोमीटर आत. तिथे तिची आई, कुसाबाई, एक गाय आणि दोन शेळ्या घेऊन एकटी राहत होती.

चौथ्या वस्तीचा आकडा होता एकसष्ट शतांश आणि माळवस्तीचा अठ्ठावन्न. 'जवळ'ची हद्द तीनशेवरून साडेतीनशेवर नेली असती तर आई चौथी आली असती. कुणाला कळलंही नसतं. तिने तीनशे खोडून साडेतीनशे लिहिलं, क्रम बदललेला पाहिला आणि परत तीनशे केलं. मग आईच्या नावासमोरच्या शेऱ्याकडे पाहत बसली. तिथे लिहिलं होतं, 'लांबच होता म्हणाल्या.' त्या 'लांब'चे कुणीतरी अडीचशे मीटर धरले होते.

कुसाबाईला पडून हात मोडला होता तेव्हाही तिने लेकीला फोनवर जरा लागलंय एवढंच सांगितलं होतं. योगिनीने यादी तशीच ठेवली, पर्समध्ये मोजपट्टी टाकली आणि स्कूटी काढली.

ती पोहोचली तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. द्राक्षबागांच्या कडेला ऊन पिवळं पडलं होतं. घरामागे शेजाऱ्यांचा ऊस अजून उभा होता, दीड पुरुष उंच. बिबट्या कुठे दिसला, एवढंच तिने विचारलं. आईने हातातली बादली ठेवली आणि उसाच्या कडेच्या हौदापाशी तिला घेऊन गेली. ओल्या मातीत ठसे होते. वाटोळे, खोल, नखं न उमटलेले. योगिनीने दारापासून मोजपट्टी धरली. एकतीस मीटर भरले.

"आई, हे लांब?"

"दारात नव्हता ना आला. मग लांबच."

योगिनी काही बोलणार, तोच गोठ्यातल्या गाईचं रवंथ थांबलं. शेळ्यांनी माना वर केल्या. वारा नव्हता, तरी उसाची एकच ओळ हलली, मग तिच्यापुढची. कुसाबाईने लेकीचं मनगट धरलं.

"पळू नको. पाठ दावू नको. माझ्यासंगं मागं मागं ये."

आणि ती मोठ्याने बोलायला लागली. पाव्हण्यांच्या घरच्या लग्नात भात कसा कच्चा राहिला, नवरीची मावशी कशी रुसली, गाईने काल लाथ कशी मारली. आवाज अगदी रोजचा. नजर मात्र उसावरून हलत नव्हती. पानांच्या फटीतून योगिनीला काहीतरी तांबूस दिसलं, आणि मग दिसेनासं झालं. ते जास्त वाईट होतं. एक पाऊल, अजून एक. आई मावशीच्या रुसव्यावर हसलीसुद्धा. टाचेला उंबरा लागला, दोघी आत शिरल्या, आणि कुसाबाईने दार लावून आडणा घातला.

मग तिने तो पुन्हा एकदा ओढून पाहिला.

"रोज सांजच्याला पाणी आनताना अशीच बोलत येते मी," कुसाबाई खाली बसत म्हणाली. "एकटीच."

नाशिकला चल म्हणून योगिनीने परोपरीने विनवलं. जनावरं कुणाच्या गळ्यात घालू, यापुढे आई गेली नाही. ती रात्र योगिनीने तिथेच काढली आणि सकाळी थेट शरच्चंद्र सरांचं कार्यालय गाठलं. माळवस्ती आपलं माहेर आहे हे तिने आधी सांगितलं, आकड्याशी खेळून पाहिलं तेही सांगितलं, आणि मग एकतीस मीटरची गोष्ट.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. फक्त तुमच्या घरचा आकडा बदलला तर तो खरा असूनही कुणी खरा मानणार नाही, असं ते म्हणाले. दुरुस्त करायचा तर अकराही ठिकाणी जाऊन मोजायचं, तोवर पिंजरे थांबतील.

"किती दिवस?" योगिनीने विचारलं.

"दोन. संध्याकाळी सगळीकडे गस्त ठेवतो. पण गस्तीचा माणूस म्हणजे पिंजरा नव्हे, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

ते दोन दिवस योगिनी जीपमधून फिरत होती आणि दर तासाला आईला फोन करत होती. एका वस्तीचं 'लय जवळ' चारशे मीटर निघालं, दुसरीकडचं 'तिकडं पल्याड' पंचवीस. चांदवडच्या अलीकडे हिरामण नावाच्या माणसाची वस्ती होती. त्याने 'अगदी जवळ' सांगितलं होतं. ठसे मात्र वाळलेले, जुने, एकशे साठ मीटरवर सापडले. नव्या यादीत कुसाबाई दुसरी आली आणि चौथा असलेला हिरामण पाचव्यावर गेला. फरक एका शतांशाचा.

हे सांगायला योगिनी स्वतः गेली. आपली आई वर आली म्हणून तुम्ही खाली गेलात, हेही तिने लपवलं नाही. हिरामण दोन्ही मुलींना जवळ घेऊन ओट्यावर बसला होता. त्याने भांडण केलं नाही.

"आकडा बरोबर आसंल, ताई. पण ह्या पोरींना काय सांगू? आपला नंबर पाचवा हाय म्हून?"

योगिनीने आपला फोन नंबर त्याला लिहून दिला, आणि त्या दिवसापासून संध्याकाळचे सहा वाजले की ती फोनकडे बघत बसू लागली. आईच्या दारात पिंजरा लागला होता, तरी भीती गेली नव्हती. ती नुसती चांदवडच्या रस्त्याला लागली होती.

पिंजरा लावल्याच्या पाचव्या सकाळी आईचा फोन आला. पिंजऱ्यात बिबट्या अडकला होता, मोठा नर. वनखात्याची माणसं येऊन त्याला घेऊन गेली आणि पिंजरा मोकळा झाला. तो त्याच दुपारी हिरामणकडे न्यायचं ठरलं. योगिनीने त्याला कळवायला फोन लावला. नुसती घंटी वाजत राहिली. तासाभराने पुन्हा तेच. ती पिंजरा नेणाऱ्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली आणि सगळा रस्ता फोन कानाला धरून होती. पाचदा, सहादा, सातदा. मनात ती एक शतांश पुन्हा पुन्हा मोजत होती. वजन चुकलं असेल का? लहान मुलांना आणखी थोडं वजन द्यायला हवं होतं का?

वस्तीवर पोहोचले तेव्हा साडेचार वाजले होते, लख्ख ऊन होतं. अंगणात कुणी नव्हतं. कुत्र्याची साखळी खुंटीला तशीच होती, पट्टा तुटून पडला होता, आणि मातीत रक्ताची फरफट उसाकडे गेलेली. बाजूला मुलीची एक चप्पल उलटी पडली होती.

योगिनीने हाक मारली. पुन्हा मारली.

मग आतून कडी वाजली आणि दार बोटभर उघडलं. हिरामण होता. त्याच्यामागे त्याची बायको आशा, आणि तिच्या पदराला दोन्ही मुली, एकीच्या पायात एकच चप्पल. योगिनी तिथेच ओट्यावर बसली.

बिबट्या भरदुपारी आला होता, हिरामणने सांगितलं. मुली कुत्र्याला भाकरी घालून वळल्या आणि पाठीमागे तो कुत्र्यावर पडला. आशाने दोघींना ओढून आत घेतलं. तेव्हापासून ते दार लावून बसले होते. हिरामणचा फोन विहिरीवरच्या मोटरच्या पेटीपाशी राहिला होता आणि तो आणायला उसाच्या कडेने जावं लागत होतं. कुत्र्याच्या खुंटीपासून दारापर्यंतचं अंतर योगिनीने मोजलं. नऊ मीटर.

माणसांनी पिंजरा लावला, आत कोंबड्या ठेवल्या, आपोआप पडणारं दार तपासलं. योगिनी घरात थांबली. धाकटी मुलगी बराच वेळ तिच्याकडे बघत होती.

"तो पिंजऱ्यातच जाईल ना?"

सगळे योगिनीकडे पाहायला लागले. तीच तर हिशेब करणारी होती.

"सांगता येत नाही," ती म्हणाली. "म्हणून सहाच्या आत दार लावायचं, आणि आईला सोडून बाहेर जायचं नाही."

आशाने मान हलवली. खोटा धीर दिला नाही, हे तिला बरं वाटलेलं दिसलं.

तिसऱ्या दिवशी तिथे मादी सापडली. हिरामणच्या घरी कुणाला ओरखडाही आला नव्हता. पिंजरा सहाव्या नंबरच्या वस्तीकडे निघाला.

योगिनीने हिशेबात मुलांचं वजन वाढवलं आणि त्याचं कारण सरांना लेखी दिलं. यापुढे अंतर फोनवरून विचारायचं नाही, जाऊन मोजायचं, हेही त्यात होतं. ज्या वस्त्यांना अजून पिंजरा मिळाला नव्हता, त्यांना मात्र ती रोज संध्याकाळी सहाला स्वतः फोन करायची. पलीकडून कुणीतरी "हॅलो" म्हणेपर्यंत ती एकेक घंटी मोजत असायची.