पावणेअकराची भाकर

सखूबाईने एक गोष्ट मनाशी पक्की केली होती. आपली लेक परीक्षेला भाकर खाऊन जाणार नाही. भाकर तिने स्वतः जन्मभर खाल्ली होती, आणि तीही बरेचदा दुसऱ्याच्या चुलीवरची. आदिलाबाद जिल्ह्यात, बेला गावाजवळच्या त्यांच्या खेड्यात ती मालनबाईच्या शेतात कापूस वेचायला जायची. संध्याकाळी मालनबाई ओट्यावर उभी राहून, हाताला हात लागणार नाही अशा बेताने, तिच्या पदरात वरून ज्वारीची भाकर टाकायची. म्हणून भागीरथा मास्तरकीच्या प्रवेश परीक्षेला निघाली त्या सकाळी घरात खीर शिजली. बुद्धपौर्णिमेला करायची तशीच, दाट दुधाची, साखरेत हात आखडता न घेता केलेली. दोन वाट्या पोटात गेल्याशिवाय मायने लेकीला उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही, आणि वर कपभर गोड चहाही पाजला.

आदिलाबादच्या शाळेत दहाला पेपर सुरू झाला. पाऊण तास भागीरथाचं पेन थांबलं नाही. पावणेअकराला बोटं थरथरायला लागली. मानेवर घाम आला, छाती धडधडू लागली, आणि दोन वाट्या खीर खाऊन आलेल्या पोरीला उपाशी असल्यासारखी भूक लागली. समोर सतराचा गुणाकार होता आणि सतराचा पाढा तिला आठवेना. लहानपणी जो ती झोपेतही म्हणायची, तो पाढा. निम्मा पेपर कोरा ठेवून ती बाहेर आली.

ती नापास झाल्यावर गावात ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं पोर घाबरट आहे. बेल्याच्या कंपाउंडरने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला की रक्तातली साखर उतरत असेल. त्या भल्या माणसाने एवढंच सांगितलं आणि पुढचा रुग्ण बोलावला. आता साखर उतरते म्हटल्यावर कोणती माय काय करेल? पुढच्या वर्षी सखूबाईने खिरीत दुप्पट साखर घातली आणि बाटलीभर साखरपाणी सोबत दिलं. पावणेअकराला हात कापायला लागले तशी भागीरथाने बाटली तोंडाला लावली. दहा मिनिटांत डोकं लख्ख झालं. ती खूश होऊन लिहायला लागली, आणि तासाभरात पहिल्यापेक्षा वाईट अवस्था झाली. शेवटचा तास तिने बाकावर डोकं टेकून काढला.

भागीरथा दुसऱ्यांदा नापास झाल्यावर मालनबाई चारचौघींत हसत म्हणाली, "सखे, भाकरीवर पोसलेल्या पोटाले खीर कशी पचन?"

ते वाक्य सखूबाईने घरी आणलं आणि ते तिच्या जिभेवर कडू होऊन बसलं. आता वयाच्या अटीमुळे एकच संधी उरली होती. ती गेली की भागीरथाने मालनबाईच्याच रानात कापूस वेचायचा, एवढं सरळ होतं.

त्या हिवाळ्यात भागीरथा वेचणीला गेलीच. तिथे तिच्या एक गोष्ट लक्षात आली. सकाळी आठला भाकर आणि बेसन खाऊन ती उन्हात दुपारपर्यंत वेचायची, तरी हात कापायचे नाहीत. आणि चुलतबहिणीच्या लग्नात, जिलेबीच्या पंगतीनंतर दोन-अडीच तासांनी, सावलीत बसल्या जागी तिला घाम फुटला. परीक्षेची भीती म्हणावी, तर लग्नात कसली परीक्षा होती? तिने शाळेच्या जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायला सुरुवात केली. काय खाल्लं, किती वाजता, हात कधी कापले. तीन महिने लिहिलं. मग मजुरीतून साठवलेले पैसे घेऊन, मायला न सांगता, ती आदिलाबादच्या एका तेलुगू डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टरांनी आधी वही वाचली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. मग एके सकाळी उपाशीपोटी बोलावून ग्लासभर ग्लुकोज पाजलं आणि बाकावर बसवून दर अर्ध्या तासाला रक्त काढलं. तिसऱ्या तासाला तिचे हात कापू लागले. डॉक्टरांनी तिला खायला दिलं आणि मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. रिकाम्या पोटी गोड गेलं की रक्तात साखर एकदम चढते, अंग घाबरून तिला खाली ओढतं, आणि तुझं अंग जरा जास्तच ओढतं. ज्वारी, डाळ, शेंगदाणे सावकाश पचतात. ते थोडं थोडं खा, दर दोन-तीन तासांनी खा, आणि उपाशीपोटी गोडाच्या वाटेला जाऊ नको. भागीरथाने मान खाली घालून विचारलं, की भाकरीवर वाढलेल्या पोटाला हे होतं का? डॉक्टर मोठ्याने हसले. त्यांच्या भावजयीलाही हेच होतं, म्हणाले, आणि ती दूधतुपावर वाढलेली होती.

आजार कळला. पण घरी सांगायचं कसं? मालनबाईचा टोमणा खरा ठरला, असं मायच्या तोंडावर सांगायचं? महिनाभर तिची जीभ रेटली नाही. परीक्षेच्या सकाळी सखूबाईने पातेलं चुलीवर ठेवलं आणि साखरेचा डबा काढला, तेव्हा मात्र भागीरथाने तिचा हात धरला. वही दाखवली, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, सगळं सांगितलं.

सखूबाईने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "म्हंजे मालनबाई खरं बोलली व्हती. अन् मीच तुले दोनदा पाडलं."

"माय, तुही खीर चांगलीच हाय. माह्या अंगाले ती झेपत नाई, इतकंच."

सखूबाईने डोळे पुसले. तिला राग आला होता, आणि तो नेमका कोणावर काढावा ते कळत नव्हतं. तिने पातेलं उतरवलं, परात ओढली आणि पिठावर तो सगळा राग काढला. अशी पातळ, गोल, टम्म फुगलेली भाकर तिच्या हातून आजवर झाली नव्हती. एक लेकीने बेसनासोबत खाल्ली. दुसरीचा अर्धा भाग आणि मूठभर भाजके शेंगदाणे फडक्यात बांधून मायने तिच्या पिशवीत टाकले.

पावणेअकराला भागीरथाने बाकाखाली फडक्याची गाठ सोडली, आणि देखरेखीचे सर लगेच येऊन उभे राहिले. त्यांनी भाकर उचलली, उजेडात धरली, पापुद्रा सोडवून आत चिठ्ठी आहे का पाहिलं. मग एकेक शेंगदाणा फडक्यावर पसरला. अख्खी खोली मान वळवून बघत होती. भागीरथाने डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. सरांनी ती दोनदा वाचली, भाकर परत ठेवली आणि खा म्हणून खूण केली. तिने सगळ्यांदेखत खाल्लं. लाज वाटली, पण सतराचा पाढा जागेवर होता. सव्वाअकरा झाले, बारा झाले, हात दगडासारखा स्थिर राहिला. पाऊण वाजता पेपर पूर्ण झाला, आणि उरलेल्या पंधरा मिनिटांत तिने तो वरपासून खालपर्यंत तपासला.

निकालाच्या फलकावर तिचं नाव वरून चौथं होतं. आजार काही गेला नव्हता, तो आयुष्यभर सोबत राहणार होता. पण तो कधी येतो, कशाने येतो आणि त्याला दारातूनच कसं परतवायचं, हे तिला पाठ झालं होतं.

गावात पास झालं की पेढे वाटतात. सखूबाईने पेढे आणले नाहीत. तिने वीस भाकरी थापल्या, त्यावर शेंगदाण्याची चटणी ठेवली आणि घरोघर वाटत निघाली. शेवटचं घर मालनबाईचं होतं. ती आयुष्यात पहिल्यांदा त्या ओट्याच्या पायऱ्या चढून वर गेली.

"बाई, तुमी खरं बोलल्या व्हत्या," सखूबाई म्हणाली. "माह्या पोरीले खीर नाई पचत. भाकर पचते. भाकरीवरच मास्तरकीले लागली ती. घ्या."

मालनबाई गोंधळली. मग काय वाटलं कोण जाणे, तिने नकळत पदर पुढे केला. सखूबाई थांबली. पदर खाली होईपर्यंत आणि दोन्ही हात पुढे येईपर्यंत ती तशीच उभी राहिली, आणि मग तिने भाकर मालनबाईच्या हातात दिली.