मागच्या दाराचं दूध

जाकोपे गावात अझारा समोरून येताना दिसली की चहाच्या टपरीवरची पुरुष मंडळी उठून पळायची. थट्टेने का होईना, पण पळायची खरी. कारण ही बाई गाठेल तिथे माणसाला उभं करायची, अंगठ्याने खालची पापणी ओढायची आणि वाकून आत बघायची. डोळा पांढरा असला की पाठीत थाप मारून सोडून द्यायची. दवाखान्यातल्या सिस्टर व्हिडाने तिला एकच गोष्ट शिकवली होती: अंगात ताप आणि डोळे पिवळे, असं कुणी दिसलं की कुणाला विचारत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. अझाराने ते असं काही मनावर घेतलं होतं की स्वयंसेविकेचा निळा सदरा ती बाजारालासुद्धा घालून जायची. नवऱ्याच्या डोळ्यांत तरी कधी बघितलंस का, असं कुणी चिडवलं की म्हणायची, "त्यात बघण्यासारखं आहे काय?" आणि सगळे हसायचे.

बघण्यासारखं होतं. तिच्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ओढ्यापलीकडे फुलानी जमातीच्या गुराख्यांच्या चार गवती झोपड्या होत्या. आधी ते ओढ्याच्या अलीकडे राहायचे. पण आदल्या साली गुरं म्हाताऱ्या लान्साबाबाच्या शेतात घुसली आणि कोनफळांसाठी रचलेले मातीचे सगळे उंचवटे तुडवून गेली. वर्षाचं खाणं मातीत गेलं. वुरा म्हणजे आमचा गावप्रमुख, त्याच्या अंगणात पंचायत बसली. याया नावाच्या गुराख्याला मधोमध उभं केलं आणि विचारलं, गुरं कोणाची? कारण सगळ्यांना माहीत असतं की गुराखी नुसती राखतो, गुरं गावातल्याच कुणाची तरी असतात. याया जमिनीकडे बघत राहिला. मालकाचं नाव सांगायचं नाही, हे त्यांच्या धंद्याचं इमान. मग दुसरा प्रश्न, आमच्या रिवाजाचा: परक्या माणसाला गावात राहायचं तर गावातल्या कुणीतरी उठून "हा माझा माणूस" म्हणावं लागतं. तसं कुणी आहे का? कुणी उठलं नाही. उलट एक माणूस सगळ्यांच्या वर आवाज काढून ओरडत होता, की हाकला या लोकांना, यांनी गावाची धूळधाण केली. तो बुकारी होता, अझाराचा नवरा. आणि गुरं त्याचीच होती.

अझारा बायकांमध्ये बसून पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. गुराख्यांना ओढ्यापलीकडे घालवलं, आणि त्या दिवसापासून दूध मागच्या दाराने यायला लागलं.

यायाची बायको कुम्बा रोज सकाळी पाठीला तान्ही दिक्को बांधून आणि डोक्यावर दुधाचा भोपळा घेऊन यायची. मालकाचा वाटा तिला पोचवायचाच असायचा. समोरच्या वाटेने आली असती तर चार लोकांनी विचारलं असतं, की फुलानी बाई रोज बुकारीच्याच घरी का? म्हणून ती कुंपणाला वळसा घालून यायची. दूध ओतून झालं की दोघी चुलीशी बसून वागाशीच्या, म्हणजे त्यांच्या त्या घट्ट चीजच्या वड्या तळायच्या. दिक्को अझाराच्या कानातली बाळी ओढायची. अझाराला ती बाई आवडायची, अगदी मनापासून. ही आवड मागच्या दाराच्या बाहेर कधी पडली नाही, एवढंच.

एक दिवस कुम्बा बसली नाही. भोपळा हातात तसाच धरून म्हणाली, "ताई, यायाला ताप आहे. डोळे हळदीसारखे झालेत. तुम्ही सगळ्यांचे डोळे बघता. त्याचे बघायला येता का?"

 यापुढे काय करायचं ते अझाराला झोपेत उठवून विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. फोन करायचा. पण फोन केला की दवाखान्याची गाडी येणार. गाडीबरोबर वुराची माणसं ओढा ओलांडणार. आजारी माणूस कोण, कुणाकडे काम करतो, ही एवढी गुरं कुणाची, सगळी विचारपूस होणार. आणि तापात बरळणाऱ्या माणसाच्या तोंडावर हात कोण ठेवणार?

ती आत गेली. बुकारी दाढी करत होता. त्याने आरशातून नजरही काढली नाही. ती माणसं आपल्या गावात येतात का, असं त्याने विचारलं. गावानेच त्यांना हाकललंय ना? मग गावच्या स्वयंसेविकेचा त्यांच्याशी संबंध काय? आणि ताप काय, दर दुसऱ्या माणसाला हिवताप असतोच. त्याचं बोलणं कसं सरळ रांगेत होतं. अझाराला ते पटलं नाही. पण तिने ते ऐकलं, आणि खरी लाजेची गोष्ट ही, की ऐकताना तिला हायसं वाटलं.

तिने कुम्बाला तापाच्या गोळ्या दिल्या आणि कडुलिंबाचा पाला उकळून द्यायला सांगितलं. "हिवताप असेल, उतरेल," ती म्हणाली.  कुम्बा नेहमीसारखं गुडघ्यात वाकून नमस्कार करून गेली.

मधले काही दिवस दूध आलं नाही. आलं तेव्हा कुम्बाच्या अंगावर एकही मणी नव्हता, कपाळावरचा रुमालसुद्धा बिनरंगाचा. गुरं आता तिचा भाऊ राखतो, एवढंच तिने सांगितलं. अझाराला विचारायचं होतं, कसा गेला, उलटी काळी होती का. पण तिने दूध ओतून घेतलं. दिक्को बाळीकडे हात करत होती. अझारा म्हणाली, चुलीवर भात करपतोय, आणि आत निघून गेली. चूल पेटलेलीसुद्धा नव्हती.

पुढे रानातून धुळीचा कोरडा वारा सुटला. डास मात्र कमी झाले नाहीत, घराघरातल्या पाण्याच्या रांजणांत त्यांची सोय होती. आणि लान्साबाबाची सून सलामतू आजारी पडली. ती ओढ्यावर पाण्याला जायची. अझाराने तिची पापणी ओढली आणि जागच्या जागी फोन लावला. ती धावली, तिने ओरडून गाडी मागवली, सलामतूला उचलून गाडीत घालताना निळा सदरा उलटीने काळा झाला तरी हात सोडला नाही. एकदा चुकलेलं ती आता दुप्पट करून फेडत होती, असं तिला वाटत असावं. असलं फेडणं फिटत नाही. सलामतू तालुक्याला गेली आणि कापडात गुंडाळून परत आली.

रक्त तपासून आलं: पीतज्वर, डासांमुळे पसरणारा. मग सिस्टर व्हिडा चार माणसं आणि लसीच्या थंड पेट्या घेऊन गावात उतरली. दवंडीवाल्याला घरं दाखवायचं काम अझाराचं. गल्ली न् गल्ली फिरून झाल्यावर तो ओढ्याशी थांबला आणि पलीकडे काठी दाखवून विचारता झाला, तिकडे? अझारा म्हणाली, "तिकडे काही नाही." शब्द तोंडातून असे सहज निघाले की तिलाच नवल वाटलं.

शाळेच्या मैदानात कडुलिंबाखाली रांगा लागल्या. पोरं रडत होती, म्हातारे बाह्या वर करून एकमेकांच्या दंडांची चेष्टा करत होते. शेवटच्या दिवशी उन्हं उतरायच्या आत पेट्या पुढच्या गावाला जायच्या होत्या. वुराने सगळ्यांना गोळा केलं आणि अझाराला पुढे बोलावून तिच्या खांद्यावर विणलेलं नवं कापड टाकलं. म्हणाला, या बाईचा डोळा नसता तर आज अर्धं गाव कापडात असतं. टाळ्या पडल्या. मग लान्साबाबा काठी टेकत उठला. दातांशिवायचं बोलणं, त्यात हुंदका. तो म्हणाला, माझी सून वाचली नाही, पण तिला उचलणारे हात हेच. आणि त्याने अझाराचे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले.

जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं अझाराला झालं. हात ओढून घ्यावेत तर म्हातारा पडेल. ती तशीच उभी राहिली. समोर बुकारी सगळ्यांपेक्षा जोरात टाळ्या वाजवत होता.

सिस्टर व्हिडा पेट्या मोजता मोजता मोठ्याने म्हणाली, "कुणी राहिलंय का? आणि सलामतूच्या आधी कुणी असं आजारी होतं का? मला कळायला हवं, आजार कुठून आला." ती अझाराकडेच बघत होती. गावात दुसऱ्या कुणाला विचारणार?

अझाराने तोंड उघडण्याआधी रांगेच्या टोकाला कुजबुज झाली. ओढ्यापलीकडची माणसं आली होती. पुढे कुम्बा, पाठीला दिक्को, मागे तिचा भाऊ आणि दोन म्हाताऱ्या. दवंडी त्यांच्यापर्यंत गेली नव्हती, पण गावातल्या लाउडस्पीकरला ओढा आडवा येत नाही. लोक बाजूला झाले ते वाट द्यायला नव्हे. कुणीतरी म्हणालं, यांनीच आणलं असेल हे दुखणं. कुणी म्हणालं, आधी कोनफळांचं बोला. सिस्टर चिडली, सुईला जात नसते म्हणाली. पण सिस्टर संध्याकाळी जाणार होती आणि गाव इथेच राहणार होतं. वुराने हात वर केला, की रिवाजाप्रमाणे एकदा विचारू दे.

"बाई, तुम्ही कोणाची माणसं?"

कुम्बाने अझाराकडे बघितलं. तिच्या खांद्यावरच्या नव्या कापडाकडे बघितलं. बुकारीच्या टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. तो गर्दीत एक एक पाऊल मागे सरत होता. एक नाव घेतलं असतं तर कुम्बाचं काम झालं असतं. यायाचंही तेव्हा पंचायतीत झालं असतं.

"कोणाचीच नाही," कुम्बा म्हणाली. "मला नाही दिली तरी चालेल. या पोरीला द्या."

यायाने पंचायतीत जे केलं तेच त्याच्या बायकोने केलं. दुसऱ्याची लाज आपल्या अंगावर घेतली. त्या वेळी अझारा माती उकरत बसली होती. आज ती सगळ्यांच्या समोर उभी होती आणि पायाखाली उकरायला माती नव्हती, चटई होती.

तिने खांद्यावरचं कापड काढलं.  "माझी माणसं आहेत," ती म्हणाली. मग आणखी मोठ्याने, "आमची. गुरं आमची आहेत. लान्साबाबा, तुमची कोनफळं आमच्या गुरांनी तुडवली. आणि सिस्टर, सलामतूच्या आधी ओढ्यापलीकडे एक माणूस गेला. त्याचे डोळे पिवळे होते. मला सांगितलं होतं. मी फोन केला नाही."

 सिस्टरच्या हातातली सुई तशीच राहिली. लान्साबाबा आपल्या तळहातांकडे बघत होता, मघाशी याच हातांनी त्याने अझाराचे हात धरले होते. मग त्याने ते अंगरख्याला पुसले. रागाने नाही, हळूच, चिखल लागल्यावर पुसतात तसे.

अझाराला वाटलं होतं की बोलून टाकल्यावर छातीवरचा दगड उतरेल. निदान कुम्बाच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल होईल. कुम्बा सावकाश पुढे आली, थेट तिच्यासमोर. सगळ्या गावाच्या देखत ती पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होती.

"आम्ही तुमची माणसं, ताई?" तिने विचारलं. "मग याया कोणाचा होता?"

आवाजात रागसुद्धा नव्हता. खरंच उत्तर हवं असल्यासारखी ती थांबून राहिली.  शेवटी वुराने मान डोलावली आणि सिस्टरने कुम्बाला खुर्चीवर बसवलं. कुम्बाने पाठीवरचं बाळ सोडलं आणि आसपास बघितलं. पोरीला धरायला कुणीतरी हवं होतं. निळ्या सदऱ्याचं ते कामच. अझाराने हात पुढे केले.

दिक्कोने ओळखीचं माणूस बघून खुशीत बाळीला हात घातला. सिस्टर सवयीने म्हणाली, अझारा, आईचे डोळे बघून घे, ताप तर नाही ना. गावातल्या एकूण एक माणसाच्या डोळ्यांत वाकून बघितलेली ती बाई. तिने कुम्बाच्या गालावर अंगठा ठेवला, पापणी खाली ओढली, पण तिची स्वतःची नजर त्या डोळ्यांना भिडेना.

"बघा ना, ताई," कुम्बा म्हणाली. "आता बघा."