खांदा बदलून आणा

मकबूलभाईंच्या दुकानातून घेतलेली सॅक दहा वर्षं फाटत नसे, आणि तिच्याबरोबर जो अपमान फुकट मिळे तोही तेवढाच टिके. रविवार पेठेत, बोहरी आळीच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. पुण्यातली डोंगर हिंडणारी पोरं एके काळी तिथूनच सॅक न्यायची. त्यातला एखादा बिचारा परत येऊन म्हणायचा, "चाचा, पट्टा खांद्याला लागतो हो." मकबूलभाई मशीनवरून मान वर न करता सांगायचे, "सॅक बरोबर आहे. खांदा बदलून आणा."

आणि त्यांना ते मनापासून वाटायचं, बरं का! त्यांची माल तपासायची रीत वडिलांपासून चालत आलेली. सॅक शिवून झाली की तिच्यात दगड भरायचे, छताच्या हुकाला टांगायची आणि आठवडाभर तशीच ठेवायची. टाका उसवला नाही, पट्टा ताणला नाही, की माल पास. स्वतः मकबूलभाई पाठीला सॅक लावून कधी पर्वतीसुद्धा चढले नव्हते. ज्यांना घरी झोप लागत नाही त्यांनी डोंगरात जावं, असं त्यांचं मत. हुकानं मात्र इतक्या वर्षांत एकदाही तक्रार केली नव्हती.

मग जमाना पालटला. हिंजवडीत काचेच्या इमारती उठल्या, पोरांच्या खिशात पैसा खुळखुळू लागला आणि कॅम्पातल्या चकचकीत दुकानांत परदेशी बनावटीच्या सॅक दिसू लागल्या. बोळातली गर्दी ओसरली. तेही मकबूलभाईंनी सोसलं. पण त्यांची एकुलती एक लेक अलिझा इंजिनीअर झाली, हिंजवडीत नोकरीला लागली आणि पहिल्या पगारातून काय घेऊन आली म्हणाल? तसलीच एक निळी सॅक! हलवायाच्या पोरीनं समोरच्या दुकानातून पेढे आणावेत, तशी गत. मकबूलभाई त्या दिवशी धड जेवले नाहीत.

"अहो, पोरीनं हौस केली. एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" त्यांच्या पत्नी अख्तरबानू म्हणाल्या.

"मी कुठं काय म्हणालो? घरात कापड, मशीन सगळं असताना लोक विकत घेतात. पैसा उतू चाललाय लोकांचा."

झालं! तेव्हापासून अलिझा डोंगरात निघाली की घरात टोमण्यांचा पाऊस. "निघाली का विलायती पिशवी?" "पिशवीला व्हिसा लागतो का गं?" वर्षभर तिनं ऐकून घेतलं. अखेर नवरात्र उलटल्यावरच्या एका संध्याकाळी तिनं हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"अब्बा, तुमची सॅक पट्ट्यात लागते. कॉलेजात असताना चार वर्षं वापरली मी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

मकबूलभाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? या शनिवारी कुठं चालला आहात तुम्ही? मी येतो. माझी सॅक पाठीला लावून आख्खी वाट चालतो. एकदा जरी कुरकुर केली, तर पुन्हा तुझ्या पिशवीबद्दल अवाक्षर काढणार नाही. आणि नाही केली, तर ती निळी माळ्यावर टाकायची आणि इथून पुढं माझी सॅक वापरायची. कबूल?"

"कबूल," अलिझा म्हणाली. अख्तरबानूंनी कपाळाला हात लावला आणि उठून औषधी तेलाची बाटली शोधायला गेल्या.

वाट सोपी नव्हती. वेल्ह्याच्या पलीकडे केळद नावाचं गाव घाटमाथ्यावर आहे. तिथून उपांड्या घाटानं सरळ कोकणात उतरायचं, खाली नदीच्या काठाकाठानं चालायचं, रात्री एका वाडीत मुक्काम करायचा आणि दुसऱ्या दिवशी मढे घाटानं, मोठ्या धबधब्याच्या अंगानं चढून पुन्हा केळद गाठायचं. अलिझाबरोबर तिच्या ऑफिसातले दोघं होते. तेजस हा नागपूरचा, सतत बोलणारा. श्रद्धा कमी बोलायची, पण तिच्याकडे खायला भरपूर असायचं.

केळदला कोंडीराम नावाच्या गावकऱ्याच्या ओसरीवर चहा झाला. कोंडीरामनं मकबूलभाईंची खाकी सॅक उचलून पाहिली. "पावणं, लई जड हाय की. उतार बेकार हाय, पाठ धरंल."

"पाठ माझी, सॅकही माझी," मकबूलभाई म्हणाले आणि सॅक चढवून सगळ्यांच्या पुढं निघाले.

पहिला तास झोकात गेला. मग उतार सुरू झाला, आणि काय सांगावं! पायरीएवढ्या दगडावरून खाली पाय टाकला की सॅक मागून धक्का द्यायची. वळणावर शरीर उजवीकडे जायचं आणि सॅक डावीकडे. पट्टे खांद्यावरून घसरून बाहेर जायचे. सावरायला हात वर करावा, तर काखेत कॅनव्हासची कड कचकन रुतायची. दुपारपर्यंत दोन्ही खांद्यांवर निखारे ठेवल्यासारखी आग होऊ लागली. खांदा बदलून आणायची सोय कुठं असते, हे त्यांना आता कळायला हवं होतं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात ते काही खोटं नाही.

"अब्बा, ठीक आहे ना?" अलिझानं विचारलं.

"उत्तम. फुलासारखी आहे." मकबूलभाई दात-ओठ खात हसले.

पण खरी गंमत पुढंच आहे. खांदे जळत होते आणि तरी मकबूलभाई मनातून खूश होते! असा मोकळेपणा त्यांनी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. बोळातल्या दुकानात दिवसा ट्यूब लावावी लागायची, आणि इथं वर बघावं तिकडे निळं आभाळ. कड्यावरून पाण्याच्या पांढऱ्या रेघा उतरत होत्या. खाली नदी आली तेव्हा तर त्यांनी लेंगा गुडघ्यापर्यंत खोचला आणि सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरले. पलीकडं एक लहानसा धबधबा होता. त्याच्याखाली ते बनियनवर जाऊन उभे राहिले आणि पाण्याचा पहिला लोट डोक्यावर पडताच "या अल्लाह!" करून एवढ्या जोरात ओरडले, की झाडावरचे बगळे उडाले.

"चाचा, काही म्हणा, मजा येऊन राहिली ना?" तेजसनं विचारलं.

"अरे, एवढी वर्षं फुकट घालवली मी!" मकबूलभाई ओरडले. "कुणी सांगितलं का नाही मला?"

"तुम्ही गिऱ्हाइकांना बोलू कुठं द्यायचात?" अलिझा म्हणाली आणि सगळे खो खो हसले. मकबूलभाईही हसले. गार पाण्यानं खांद्यांची आग जरा निवली होती.

वाडीतल्या पिठलं-भाकरीवर त्यांनी असा ताव मारला, की अख्तरबानूंनी पाहिलं असतं तर दृष्टच काढली असती. सकाळी सॅक पुन्हा चढवताना मात्र डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पाठमोरे झाले, पट्टे ओढले आणि चालू लागले. मूग गिळून बसायचं, एवढंच आता उरलं होतं. एक चढ. तेवढा पार पडला की लेकीच्या पाठीवर बापाची सॅक. त्यासाठी खांदे काय, कातडं सोलून निघालं तरी चालणार होतं.

मढे घाट चढायला लागले तशी धबधब्याची गाज वाढत गेली. अर्धा चढ झाल्यावर एका सपाट कातळावर सगळे टेकले. समोर तो मोठा धबधबा कोसळत होता, वारा आला की तुषार तोंडावर यायचे. श्रद्धानं चकल्या काढल्या. अलिझा उठली, बापासमोर येऊन उभी राहिली आणि हात पुढं केला.

"जिंकलात, अब्बा. कुरकुर नाही केलीत. आणा, इथून पुढं मीच घेते तुमची सॅक."

मकबूलभाईंचा ऊर भरून आला. वर्षभर जे हवं होतं ते असं आपण होऊन समोर आलं. त्यांनी सॅक तिच्या पाठीला लावून दिली आणि तिची निळी स्वतः घेतली. अलिझानं निळीचा कमरेचा पट्टा आवळून बक्कल लावून दिलं. हा पट्टा बघून ते पूर्वी म्हणायचे, बैलाला लागतो, माणसाला कशाला? आता दोन पावलं टाकली आणि ते थबकले. ओझं गेलं कुठं? खांदे मोकळे, सगळा भार कमरेवर! त्यांनी पुन्हा पुन्हा चालून पाहिलं. शिवणीवरून बोटं फिरवली. लबाडांनी काम चोख केलं होतं, एवढं त्यांनी मनाशी कबूल केलं.

वाट आता ओल्या कातळावरून आडवी जात होती. डाव्या हाताला दरी. अलिझा पुढं आणि मकबूलभाई तिच्या मागं. आयुष्यात पहिल्यांदा ते आपली सॅक चालत्या माणसाच्या पाठीवर, मागून, बघत होते. तिच्या प्रत्येक पावलाला ती डुलत होती. उजवं पाऊल पडलं की डावीकडे, डावं पडलं की उजवीकडे. हुकाला ती कशी शांत लटकायची! एका घसरड्या जागी अलिझानं वर पाय उचलला आणि सॅकनं तिला दरीच्या बाजूला हिसका दिला. तिचा तोल गेला. तिनं पटकन कारवीचं झुडूप धरलं, सावरली आणि मागं वळून हसली. "काही नाही, अब्बा. पाय सरकला."

पाय सरकला नव्हता. मकबूलभाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्यांच्याखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. तेजस आणि श्रद्धा वर वळणापाशी पोचले होते. गप्प बसलं असतं तर ही सॅक उद्यापासून तिचीच होती. दर शनिवारी ती ही पाठीला लावून निघाली असती, बापाचा मान राखायला, एका शब्दानंही न बोलता.

"थांब," ते म्हणाले. "पुढं जाऊ नकोस. त्या झाडापाशी रुंद जागा आहे, तिथं बस आणि काढ ती सॅक."

"का? काय झालं?"

"लागते ती. कालपासून लागते. पहिल्या उतारापासून. हरलो मी."

अलिझा झाडाच्या बुंध्याशी टेकून बसली. "माहीत आहे. काल तुम्ही धबधब्याखाली उभे होतात, तेव्हा खांदे पाहिले मी तुमचे. लालभडक झाले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

मकबूलभाईंनी सॅकमधलं सगळं सामान दगडावर काढून ठेवलं. खिशातल्या कापडी बटव्यातून दाभण आणि मेणाचा दोरा काढला. शिवणारा माणूस एवढं तर जवळ बाळगतोच. पट्ट्याचे वरचे टाके त्यांनी चाकूच्या टोकानं एकेक करून उसवले. आठवडाभर दगड टांगूनही न हललेले टाके ते.

"उभी राहा. पाठ कर माझ्याकडं," ते म्हणाले. मग त्यांनी लेकीच्या मानेपासून खांद्यापर्यंत वितीनं माप घेतलं. लहानपणी ईदच्या फ्रॉकसाठी घ्यायचे, त्यानंतर कधी घेतलं नव्हतं. पट्टे बोटभर आत घेऊन, दात लावून दोरा तोडून त्यांनी दोन्हीकडचे टाके पक्के केले. तोवर तेजस आणि श्रद्धा परत खाली आले होते आणि उभे राहून बघत होते.

सामान भरलं. अलिझानं सॅक चढवली, त्या रुंद जागेवर दोन-चार फेऱ्या मारल्या, एका दगडावर चढून उतरली. मकबूलभाई श्वास रोखून सॅककडं बघत होते. आता ती डुलत नव्हती.

"कशी आहे?" त्यांनी विचारलं. "खरं सांग."

अलिझानं त्यांच्याकडं बघितलं. एकदा वाटलं, पोर 'छान' म्हणून मोकळी होणार. मग ती म्हणाली, "उजवा पट्टा अजून लागतोय, अब्बा. थोडा आत हवा."

"किती?" मकबूलभाईंनी विचारलं, आणि खाली बसून तो टाका पुन्हा उसवायला घेतला.