डिंकाचा पहिला लाडू

पौषातली सकाळ होती. गिरणीचा भोंगा केव्हाच होऊन गेला होता आणि सोलापुरातल्या त्या चाळीच्या दोन खोल्यांत तुपात फुलणाऱ्या डिंकाचा वास भरला होता. सिद्धाप्पाची त्या दिवशी दुपारची पाळी होती. वीस वर्षे गिरणीत मागासमोर उभे राहून त्याचे गुडघे धरले होते, म्हणून दर थंडीत घरात डिंकाचे लाडू होत. ते वळायचे काम सारजाबाईचे, त्याच्या विधवा बहिणीचे.

सोळाव्या वर्षी पांढरे कपाळ घेऊन ती वळसंगच्या सासरहून भावाकडे आली, त्याला आता तीस वर्षे झाली होती. खारीक कुटायची तिने, खोबरे किसायचे तिने, मेथी दळायची तिनेच. तिच्या बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. सकाळी उठल्यावर मूठ उघडायला दुसऱ्या हाताची मदत लागे, आणि तो दुसरा हातही तसलाच!

घरातली नवी सून विजयमाला तिच्या शेजारी बसून बघत होती.

"आत्या, लई भाजत असंल की. जरा निवू द्या."

"निवलं की वळत न्हाय, पोरी. आन् गरम सारण हातात हाय तवर माजी बोटं जरा सैल पडत्यात. तेवढंच."

"मग एक खावा की! मामंजींच्या गुडघ्याला गुण येतो, तर तुमच्या बोटांस्नी का न्हाय येणार?"

सारजाबाईने घाबरून दाराकडे पाहिले. दारात भावजय उभीच होती.

"तिला चालत न्हाय," मुक्ताबाई म्हणाली. "डिंक-मेथी गरम असती. नवरा नसलेल्या बाईचं रगात तापतं त्यानं."

डिंकाने सांधे खरेच बरे होतात का, ते वैद्य जाणोत. पण जिला पाण्याची घागर उचलताना रडू येई, तिच्या रक्ताची जगाला केवढी ही काळजी! भावाने वर पाहिलेसुद्धा नाही. तो लाडू खात होता.

दुसऱ्या दिवशी विजयमालाने एक लाडू गुपचूप आत्याच्या पदरात टाकला. डब्यात एक लाडू कमी भरला, तशी मुक्ताबाईने चाळीच्या भर नळावर तोंड सोडले.

"कुणासाठी अंग कमवायलीस गं सारजे? या वयात?"

बायकांच्या घागरी जागच्या जागी थांबल्या.

"म्या खाल्ला न्हाय, वैनी. दादाची शपथ," सारजाबाई म्हणाली. कोणाचा विश्वास बसला नाही. "आई, म्याच दिला हुता," असे विजयमालाने म्हणायला हवे होते. तिच्या तोंडून शब्द फुटला नाही, आणि हे तिला जन्मभर खुपत राहिले.

त्या दिवसापासून सारजाबाईने चहातले दूधही सोडले. कोरडी भाकरी आणि पाणी, एवढ्यावर ती राहू लागली. आषाढात ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. मिटलेल्या मुठी बायकांना शेवटपर्यंत उघडता आल्या नाहीत.

तेराव्यानंतर सासू-सुनेने तिची पत्र्याची पेटी उघडली. दोन लुगडी होती. एकाच्या पदराला गाठ होती आणि गाठीत लाडू होता, वाळून दगड झालेला. त्यावर एका दाताचीही खूण नव्हती. मुक्ताबाईने तो उचलला, चुलीत टाकला आणि तो जळून जाईपर्यंत ती चुलीपुढून उठली नाही.

तीन वर्षांनी सिद्धाप्पा गेला. ज्या बायका नळावर होत्या, त्यांनीच मुक्ताबाईचे कुंकू पुसले, बांगड्या फोडल्या. तिच्या ताटातले तूप कोणी न सांगताच बंद झाले. तिचे तिनेच बंद केले. पौष आला तोवर तिला भिंत धरल्याशिवाय उठता येईना.

एके सकाळी विजयमालाने कढई चढवली. वासाने शेजारची चिमाबाई दारात आली.

"विजे, सासूला नगं देऊ बरं. गरम असतं. लोक काय म्हनतील?"

"लोकांस्नी सांगा, पयला तिलाच दिला," विजयमाला नळापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "एकदा गप बसले, एक जीव गेला. आता न्हाय बसायची."

तिने गरम सारण मुठीत घेऊन पहिला लाडू वळला आणि सासूच्या हातात ठेवला. 

"मला चालतो व्हय गं?" मुक्ताबाईने लहान मुलीसारखे विचारले.

"चालतो की, आई," विजयमाला म्हणाली. "आत्यास्नी बी चालत हुता."

मुक्ताबाईच्या हातातला लाडू निवून गेला, तरी तिला तो तोंडाशी नेता आला नाही.