आतल्या खिशातलं बदक

मी कोट बोलतोय. कापूस ठासून भरलेला, सैनिकी, मळखाऊ रंगाचा. अहो, तिकडे कुठे? तिकडे बेड्या आहेत. संग्रहालयात शिरलेला प्रत्येक जण आधी तिकडेच धावतो. मी इकडे, कोपऱ्यात, गळ्यापर्यंत बटणं लावून उभा आहे. पाटीवर लिहिलंय, ‘बंदिवान स्त्रियांनी शिवलेला कोट’. कोणत्या स्त्रीनं, ते पाटीला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

माझा जन्म इथलाच, कझाक माळरानावरच्या बायकांच्या छावणीतला. या बायकांचा गुन्हा काय, तर त्यांचे नवरे! नवऱ्याला सरकारनं देशद्रोही ठरवून गोळी घातली की बायकोची रवानगी इकडे आणि पोरांची अनाथाश्रमात. महायुद्ध पेटलं तेव्हा त्यांना सैनिकांचे कोट शिवायला बसवलं. ठरलेलं काम उरकलं नाही की पाव अर्धा.

मला शिवलं फाईनानं. खारकोवची बाई, अबोल. तिच्या शेजारच्या यंत्रावर जॉर्जियाची केतो, तोंडानं फटकळ, पण मायेची.

फाईनाचा मुलगा मारिक लहानपणी खिशात खिळे, अक्रोड, काय वाट्टेल ते कोंबायचा. खिसा फाटायचाच. मग फाईना त्या भोकावर आतून लाल दोऱ्यानं एक बदक भरायची. पोरगं खिशात बोट घालून ते चाचपत झोपी जायचं.

तसंच बदक ती माझ्या आतल्या खिशाच्या तळाशी भरत होती. दोरा स्वतःच्या डोक्यावरच्या रुमालातून उसवलेला.

“अगं, डोकं फिरलंय का तुझं?” केतो कुजबुजली. “आघाडीवर पोरं काय मूठभर आहेत? नेमका तुझ्याच पोराच्या अंगावर हा कोट जाणार?”

“मारिक आता अठराचा झाला असेल. भरती केलंच असेल त्याला.” फाईनानं दातानं दोरा तोडला. “पत्र लिहू देत नाहीत. मग दुसरं काय पाठवू? त्याला नाही मिळाला, तर दुसऱ्या कुणाचं तरी पोर घालेल. बदक काय, कुणालाही चालतं.”

केतोनं नाक ओढलं. “मग चोच तरी नीट काढ. कोंबडं दिसतंय मेलं.”

दोघी तोंड दाबून हसल्या. फाईनाचं हसणं मी तेवढंच ऐकलं.

पुढे तिच्या दुसऱ्या एका कोटातलं बदक तपासनिसाच्या हाती लागलं. “शत्रूला खुणा पाठवतेस?” तो ओरडला. खूण म्हणे! मी गठ्ठ्यात दुमडलेला, सगळं ऐकत होतो. तिला शिवणकामावरून उठवलं आणि गोठलेल्या तळ्यावर जळणासाठी बोरूचं गवत कापायला धाडलं, तेही भर हिवाळ्यात.

मी आघाडीवर पोचलो तो इल्गिझ नावाच्या, बश्कीर जमातीच्या पोराच्या अंगावर. मारिक नव्हे. खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागच आला. पण थंडीत हात खुपसताना त्याचं बोट बदकाला लागलं आणि तो खुदकन हसला. “जिनं कुणी शिवलंय, त्या माउलीचं भलं होवो,” म्हणाला. हल्ल्याआधी तो रोज ते बदक चाचपायचा. जिवंत घरी परतला, मला घालून जन्मभर घोडी राखली. बायको हसेल म्हणून बदकाचं मात्र कुणाला सांगितलं नाही. त्याच्या माघारी त्याच्या लेकीनं अस्तरावरचा छावणीचा शिक्का वाचला आणि मला इथे आणून दिलं. इथल्या वस्तूंची देखभाल करणाऱ्या साउलेनं मला हळुवार झटकलं, बटणं लावली. खिशात हात काही घातला नाही.

गेल्या शरदात एक म्हातारा लेकीचा हात धरून आला.

“फाईना बेर्गमान,” तो साउलेला म्हणाला. “माझी आई.”

माझा कापूस न् कापूस शहारला. मारिक!

साउलेनं त्याला भिंतीवरच्या बंदिवानांच्या यादीतलं तिचं नाव दाखवलं, नोंद सांगितली. त्याच हिवाळ्यात गेली होती ती, तळ्यावर. मलाही तेव्हाच कळलं.

“आश्रमात सांगायचे, तुझ्या आईनं तुला टाकलंय,” तो लेकीला म्हणाला.

“बाबा, पत्र लिहू देत नव्हते त्यांना. वाचलंत ना आत्ता?”

“वाचलं गं. कळतं मला. पण काहीतरी पाठवायचं की... काहीही.” आणि बोलता बोलता त्याचा हात स्वतःच्या कोटाच्या खिशात गेला. बोट तळाशी काहीतरी शोधत राहिलं. “बाबा, पुन्हा खिसा फाडाल,” लेक म्हणाली.

तो माझ्यापुढे थांबला. “हात लावू का जरा?”

“नियमात नाही, आजोबा.” साउलेनं इकडेतिकडे पाहिलं, काच सरकवली. “बरं, लावा. पण हळूच.”

त्यानं तळहात माझ्या छातीवर ठेवला. बरोबर बदकावर! मध्ये फक्त कापूस. आईच तो दाबून भरायची, पोरांना थंडी लागू नये म्हणून. अरे मारिक, एक बटण काढ रे, एकच बटण! ओरडलो मी, पण कोटाला कुठलं तोंड?

“ऊबदार आहे,” तो म्हणाला. हात काढला. लेकीनं त्याचा मफलर सारखा केला आणि दोघं गेली.

तुम्ही आता ऐकलंत, तुम्हाला तोंड आहे. साउले दाराशीच बसते, तिला हाक मारा. म्हणावं, म्हातारा आहे तोवर त्याला परत बोलाव. डावीकडचा आतला खिसा. बोट अगदी तळापर्यंत घालायचं.