हात लावू नये

मी एक जुना जिरेनियम आहे, मित्रांनो. बागेच्या कुंपणाला खेटून उभा असतो. फुलं दिसायला बरी आहेत, पण माझी खरी नोकरी वासाची. तो उग्र वास नाकात गेला की ससे आल्या पावली परत जातात.

शिवणकाम करणाऱ्या एका बाईंनी मला बोटभर फांदीपासून वाढवलं. माझ्यामागेच त्यांनी स्वतः कलम केलेला गुलाब लावला. पाणी घालताना त्या रोज माझ्या पानांवरून हात फिरवायच्या. पानं चोळल्याशिवाय माझा वास पुरता बाहेर पडत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मग बाईंचा पाय मोडला. त्या खिडकीजवळच्या खाटेला खिळल्या आणि बाग त्यांच्या धाकट्या भावाकडे आली. भाऊ निवृत्त पहारेकरी. त्याने माझ्याभोवती तारेची जाळी उभारली आणि वर पाटी टांगली: 'हात लावू नये'. पाणी मात्र अगदी घड्याळ लावून घालायचा.

माझा जीव नुसता खालीवर होत होता. वास पानातच कोंडून राहिला. एका पहाटे ससा आला, जाळीशी थबकला, नाक हलवलं आणि खुशाल पुढे गेला. गुलाबाच्या तीन फांद्या त्याने माझ्या डोळ्यांदेखत फस्त केल्या. उरली ती एकच फांदी, एका कळीची. मला पाय असते तर!

सकाळी भाऊ तणतणत आला. "खायला काळ आणि भुईला भार! उपटतोच तुला." जाळी फेकून त्याने मला हिसका दिला. मुळं कडाकडा तुटली, पानं मुठीत चुरगळली आणि वास थेट खिडकीत गेला.

"थांब रे!" बाई आतून ओरडल्या. "त्याच्या पानांना कधी हात लावलास का?"

"पाटी मीच लावली, ताई. मीच कसा मोडू?"

"धन्य आहे तुझी! अरे, पानं चोळल्याशिवाय वास येतो का त्याला?"

भावाने मला परत मातीत दाबलं. आता तो कुरकुरत का होईना, रोज माझी पानं चोळतो आणि ताईपुढे तळवे धरतो. त्या हुंगून बघतात. "आज नुसतं पाणीच घातलंस," असं म्हणाल्या की बिचारा परत येऊन पानं चोळतो.

कळी अजून उमलायची आहे. ससाही अजून कुंपणापाशी घुटमळतो. मित्रांनो, आम्हांला पाणी घालाच, पण जाता जाता हातही फिरवा. माझी अर्धी मुळं तुटली आहेत. भाऊ यायला जरा उशीर झाला, तरी मी घराच्या दाराकडेच बघत असतो.